अक्कास, दाजींच्या तोंडून

सिरसाळा,
मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८४१

तीर्थस्वरूप ताराक्कास,
धाकट्या मन्मथचे शरणार्थ.

इकडे सर्व क्षेम आहे. तुमच्याकडेही असणारच, कारण तुमच्या अंगणातलं कुत्रं भुंकलं तर मला इथे ऐकू येतं. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला टपालाने पत्र पाठवणारा सिरसाळ्यात मी पहिलाच असेन. टपालवाल्याने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "मन्मथअप्पा, सरकारचं तिकीट कावून वाया घालवता? जाता जाता मीच सांगतो की." मी म्हटलं, बाबा रे, सांगून ऐकणारी बाई असती तर तिकीट चिकटवलं असतं का?

तू माझ्याशी बोलत नाहीस. पण घरी आलेलं पत्र दाजी मोठ्याने वाचतात आणि तू ज्वारी निवडत का होईना ऐकतेस, हे मला ठाऊक आहे. तेव्हा दाजी, आपणासही शरणार्थ. चष्मा पुसून घ्या. माझं अक्षर आपल्याला कधीच आवडलं नाही, आणि आज तर मजकूर लांबलचक आहे.

मोठी बातमी आधी सांगतो, म्हणजे मधेच तू रागाने उठून आत गेलीस तरी काही राहायला नको. आपला जायबंदी पाखरांचा शिक्रेखाना टिकला. दिवाळीच्या पाडव्याला पेढीवर बाजारातली मंडळी बसली ती तो बंद करायच्याच इराद्याने, आणि उठली तेव्हा ठरलं होतं की आप्पांनी सुरू केलेलं काम चालू राहायचं. तेव्हापासून मला झोप लागते. परवा घारीने पाण्याचं भांडं उलथवलं तरी जाग आली नाही. वर्षभर छातीवर पोतं घेऊन निजत होतो, ते उतरलं.

वर्ष कसलं गेलं ते तुला वेगळं सांगायला नको. पाऊस दगा देऊन गेला, त्यावर मानमोडीचा ताप आला, आणि गावात खांदा द्यायला माणूस मिळेना. त्या तापात आपला हुसेनमामू गेला. जहागीरदाराच्या पदरी ससाणे आणि शिक्रे शिकवण्यात त्याची हयात गेली. जहागीरदार वारल्यावर त्याच्या मुलाने म्हातारी, पंख मोडलेली पाखरं उकिरड्यावर टाकायला सांगितली, तेव्हा मामू ती टोपल्यांत घालून आप्पांच्या दुकानापुढे येऊन बसला होता. तुला आठवत असेल, तू परकर नेसून दारात उभी होतीस. आप्पा म्हणाले, "गायींचा पांजरपोळ असतो, मग ह्यांचा कावून नसावा?" लोक हसले. लिंगायत वाणी शिकारी पाखरं पाळणार! पण आप्पांनी वेशीबाहेरची जागा दिली, बाजारातल्या पोत्यापोत्यामागे धर्मादाय लावला, आणि तेव्हापासून पंचक्रोशीत कुठे घार जायबंदी झाली, कुठे फासेपारध्याच्या चिकात शिक्रा अडकला, की टोपली आपल्या दारात.

ती पाखरं खातात काय, हे मात्र इतक्या वर्षांत मंडळीतल्या एकानेही विचारलं नाही. मामू मागच्या भिंतीआड जे करायचं ते करायचा. आपण भिंतीच्या अलीकडे पाणी भरायचो, जखमांना हळद लावायचो आणि पुण्य पदरात पाडून घ्यायचो. मामू गेला, आणि भिंतीआड जायला कोणी उरलं नाही.

मग तो ठराव झाला. दाजी, रागावू नका, पण लिहिला आपणच. आपल्या धर्मादायातून मांस विकत घेतलं जाणार नाही, पाखरांना दूध-भाकरी द्यावी, सणावाराला वर तूप. मंडळीतले सुंदरराव म्हणाले, "सवय लावली की लागती. माणूस सुदरतो, पाखरू न्हाई का सुदरणार?" मलाही तेव्हा पटलं, खोटं कशाला बोलू? बाजरीची भाकरी दुधात कुस्करून मी आंधळ्या बेगमपुढे ठेवली. मामूची लाडकी ससाणी ती. तिने चोच बुडवली, मान झटकली, आणि सगळं दूध माझ्या तोंडावर. पुढे हसण्यासारखं काही राहिलं नाही. मोठं घुबड उपाशी बसून बसून गेलं. त्याच्यामागे दोन शिक्रे गेले. बाकीची पिसं फुगवून, मान खांद्यात घालून बसायला लागली. तू धपाटे घेऊन यायचीस तेव्हा विचारायचीस, "आज खाल्लं का रे त्यांनी?" आणि मी म्हणायचो, खातील, खातील.

इथून पुढचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू जेवढं पाहिलंस तेवढंच तुला माहीत.

पौषात एका सकाळी मागच्या फाटकाशी उंदरांचा पिंजरा ठेवलेला दिसला. तुमच्या गोदामातला. आपल्याकडे उंदीर मारत नाहीत, जिवंत धरतात आणि ओढ्यापलीकडे नेऊन सोडतात. ते काम बंकट हमालाचं. दुष्काळात दाणा होता तो गोदामांत, त्यामुळे शिवारातले सगळे उंदीरही तिथेच मुक्कामाला आलेले. मला वाटलं, बंकटला थंडीत ओढा ओलांडायचा कंटाळा आला असेल. बराच वेळ मी त्या पिंजऱ्याकडे बघत बसलो. मग तो उचलून भिंतीआड गेलो आणि पाखरांपुढे त्याचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंजरा होता, तिसऱ्या दिवशीही. मी बंकटला चकार शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याची चाकरी गेली असती आणि माझी पाखरं.

ज्यांचे पंजे चालत होते ती आपलं आपण बघून घेत. ज्यांचे चालत नव्हते त्यांच्यासाठी मामूची सुरी होती. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तू आलीस तेव्हा तीच माझ्या हातात होती. मी तोंड उघडायच्या आत तू धपाट्यांचं फडकं उचललंस आणि म्हणालीस, "ज्याच्या हाताला असलं रगत लागलं, त्याचं ताट माझ्या सैपाकघरात न्हाई. मग तो घरचा धनी असला तरी न्हाई." आणि गेलीस.

माझी लक्ष्मी वारल्यापासून मी तुझ्याच घरी दोन वेळा जेवत आलो. आता स्वतः थापतो. माझी भाकरी पाहून बंकट म्हणाला, "मन्मथअप्पा, ही चाकाला लावायची का?" पण भाकरीचं दुःख नाही गं. मला तुझी फार आठवण येते. आई गेल्यावर तू मला मांडीवर घेऊन भरवायचीस, मी तोंड फिरवलं की हनुवटी धरून घास घालायचीस. बेगमला भरवताना मीही तिची चोच तशीच धरायचो आणि डोळे भरून यायचे. तुझा नेम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मला पाप लागलं असेल तर ते मी भोगीन. पण ज्याला आसरा दिला त्याला उपाशी मारावं, असंही आप्पांनी मला शिकवलं नव्हतं.

पाडव्याच्या बैठकीचं दाजींनी तुला कितपत सांगितलं कोण जाणे. सुंदररावांनी तोंड फोडलं. "माणसं तरवड्याचा पाला खायलीत आन् आमी पाखरांना दूध पाजायलो." त्यांचं खोटं नव्हतं. सगळे माना डोलवायला लागले. मी उठून हात जोडणार, तेवढ्यात दाजी बोलले. "दूध बंद करा. धर्मादायाची ज्वारी घ्या आन् गावात वाटा. पाखरांचं पाखरांना मिळायलंय. सासऱ्यांनी आसरा दिलाय, तो मी काढणार न्हाई." एवढंच बोलले आणि पानाला चुना लावायला लागले. मिळतंय ते कुठून, हे याही वेळी कोणी विचारलं नाही.

आता चांगलं चाललंय. बेगमच्या अंगावर नवी पिसं आली आहेत. दोन शिक्रे सोडले, ते बाभळबनात दिसतात. एक घार सोडली, ती वेशीवर घिरटी घालून थेट बाजारात उतरली आणि सुंदररावांच्या हातातली करंजी घेऊन गेली. लोक म्हणतात, बघा, सुदरली.

दाजी, इथे जरा थांबा.

पुढचं वाचायचं, की कागदाची घडी घालून "बाकी किरकोळ हाय" म्हणायचं, ते आपण ठरवा. मी आपल्याला शब्द दिला होता की अक्काला काही सांगणार नाही. मी सांगितलेलं नाही. मी फक्त कागद आपल्या हातात दिलाय.

भाद्रपदात मला वाटलं, बंकटने इतके महिने न सांगता पाखरं जगवली, त्याला निदान एक उपरणं द्यावं. म्हणून झुंजुमुंजू असतानाच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पिंजरा घेऊन माणूस आला, पण तो बंकट नव्हता. डोक्यावरून घोंगडी, पायांत काही नाही. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस पारोशाने आला होता. त्याने पिंजरा खाली ठेवला, उंदरांपुढे हात जोडले आणि पुटपुटत उभा राहिला. मी खाकरलो.

"कावून आलास इतक्या सकाळी?" दाजी म्हणाले.

"बंकटला भेटायला."

"त्याला ह्यातलं काई ठावं न्हाई. पौषापासून मीच येतो." मग घोंगडी सारखी करत म्हणाले, "मी सोडतो. मारत न्हाई." आणि माझ्याकडे न बघता, "न्हाई, असं म्हणून भागत न्हाई. मारतोच की."

मी पिंजरा उचलून फाटकाच्या आत घेतला.

"ठराव मीच लिवला," दाजी म्हणाले. "ते घुबड पुरायला मीच नेलं, तू नव्हतास तवा. हातात निस्ती पिसं होती रे. लई हलकं लागलं." पुढे म्हणाले, "ताराला सांगू नकोस. तिनं तुझं ताट काढलं. माझं काढलं तर घर मोडतंय, आन् न्हाई काढलं तर तिचा नेम मोडतोय. त्या पेचात तिला घालू नकोस." फाटकापर्यंत गेले आणि वळून विचारलं, "ती आंधळी खाती का आता?"

एवढंच आहे, अक्का. मी गप्प बसायला कबूल झालो आणि इतके दिवस बसलो. पण शिक्रेखाना टिकला त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली आणि दाजी एकटेच उठून घरी गेले, ते मला बघवलं नाही. तुझ्या शेजारी बसून ते रोज घास कसा गिळत असतील, ह्याचाच विचार मनात येत राहतो. ती तक्रार नव्हे. भिंतीआड मी एकटा नव्हतो, हे कळल्याने मला केवढा आधार झाला, ते सांगायला हे पत्र.

हे तुझ्या कानावर आलं नाही तर मला ते कळणार नाही, आणि मी विचारणारही नाही. उद्या पेढीवर दाजी भेटतील, मी शरणार्थ म्हणेन, ते मान हलवतील. पण आलं असेल, तर हे शेवटचं अक्षरसुद्धा त्यांनी स्वतःच्या तोंडाने, तुझ्यासमोर बसून वाचलेलं आहे. आत जाऊ नकोस. त्यांच्याजवळ बस. माझ्या ताटाचं मागाहून बघू.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला,
मन्मथ