कोऱ्या जागेवरची रेघ

पार्सिपनी, न्यू जर्सी
रविवार, २७ ऑक्टोबर १९९६

आदरणीय मामांना आणि मामींना अनुपचा सविनय जय भीम.

मामा, तुमचा गुडघा आता कोर्टाचा जिना चढू देतो का, की अजून खालीच बसून पुकाऱ्याची वाट बघता? मामींचं ब्लड प्रेशर (माझ्या लग्नाचा विषय निघाला नसेल तर) ताब्यात असेल असं धरून चालतो. भंडाऱ्याच्या मुलीचा फोटो मिळाला, फोटो चांगला आहे, एवढंच सध्या लिहितो. इथे ज्यांच्या तळघरात मी भाड्याने राहतो ते सुभाषकाका आणि रेखाकाकू मला पोटच्या पोरासारखं वागवतात, म्हणजे रोज काहीतरी ऐकवतात. मी खुशाल आहे. हे वाक्य पत्र वाचून झाल्यावर पुन्हा तपासून घ्यावं.

आईच्या पत्रातून कळलं की तुम्ही वकिलांच्या बाररूममध्ये सगळ्यांना सांगितलंय, भाचा न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय कंपन्यांचे खटले चालवतो. मामा, पाच महिन्यांत मी इथल्या कोर्टाची पायरीसुद्धा पाहिलेली नाही. आमच्या फर्मला (नावात तीन आडनावं, तिन्हींचे धनी केव्हाच वारले) कोर्टात जावं लागणं म्हणजे कमीपणा वाटतो. इथे एक कंपनी दुसरीला विकत घेते आणि आम्ही त्याचे कागद करतो. त्यातही मी प्रशिक्षणार्थी, म्हणजे ते कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा. सीनियर दिसला की उठून उभं राहायची तुमच्या ऑफिसातली सवय मी इमानेइतबारे सोबत आणली होती. पण इथल्या खोल्यांच्या भिंती काचेच्या, आणि बाहेरून दिवसभर सीनियरच ये-जा करतात. मी चाळीस-चाळीस वेळा उठायचो. चौथ्या दिवशी दोन माणसं अतिशय हळुवार चेहऱ्याने पाठदुखीवाल्यांची खास खुर्ची घेऊन आली. मला खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून मी कण्हून ती स्वीकारली. खुर्ची उत्तम आहे.

पण हे किरकोळ. खरं प्रकरण गेल्या पंधरवड्यातलं. ओहायोतल्या नोवाक नावाच्या म्हाताऱ्याचा दातेरी चाकं बनवायचा कारखाना एक जर्मन कंपनी घेत होती आणि आम्ही नोवाकचे वकील होतो. आता इथली रीत ऐका आणि खुर्ची धरून बसा. इथे करार पुरा व्हायच्या आधीच सह्या गोळा करतात. कलमं शेवटच्या तासापर्यंत बदलत असतात, पण सहीचं पान वेगळं. वर एक ओळ, तळाशी सही, मधे सगळं पांढरं. करार ठरला की ते पान मागे जोडायचं. अशी अकरा जणांची चौसष्ट पानं माझ्या ताब्यात आली आणि माझी बॉस मिसेस कॅलाहन म्हणाली, शुक्रवारपर्यंत नीट सांभाळ.

मामा, चौसष्ट कोऱ्या कागदांवर सह्या! तुमच्या ऑफिसातला पहिला दिवस आठवला. तुम्ही कायद्याचं पुस्तक नव्हे, फूटपट्टी हातात दिली होती आणि आजोबांची गोष्ट सांगितली होती. गिरणीत मुकादमाने कोऱ्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला, पगारवाढीचा अर्ज आहे म्हणाला, आणि आठ दिवसांनी त्या अंगठ्याच्या वर आजोबांचा राजीनामा टाइप झालेला होता. तेव्हापासून आपल्या घरातून सहीखालचा किंवा सहीवरचा कागद कोरा बाहेर जात नाही. मग मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. फूटपट्टी घेतली, दार लावलं आणि चौसष्टच्या चौसष्ट पानांवर कोऱ्या जागेत तिरकी रेघ मारली, दोन्ही टोकांना आद्याक्षरं. लाल शाईने. इतकं समाधान मला एलएलएमची पदवी घेतानाही वाटलं नव्हतं. घरी येऊन सुभाषकाकांना कौतुकाने सांगितलं. त्यांनी जेवता जेवता हात थांबवला.

"अरे यार, इथे कागद कॅन्सल करायचा असला की अशी लाइन मारतात."

शुक्रवारी जर्मनांच्या वकिलांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत. सौदा मंगळवारवर गेला. अकरा माणसांना पुन्हा गाठायचं काम अर्थातच माझं. एक सिंगापूरच्या विमानात, एक कॅनडात तळ्याकाठी मासे धरत (तिथे फोन नाही, मासेही नव्हते असं तो नंतर म्हणाला), एक दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून. दहा सह्या झाल्या. अकरावा नोवाक. तो स्वतः न्यूयॉर्कला आला आणि या रेघा कोणी मारल्या ते विचारलं. मिसेस कॅलाहनने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी खास खुर्चीतून उठलो आणि आजोबांची गोष्ट सांगून टाकली. म्हाताऱ्याने सगळी ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाला की मग आधी करार वाचतो. दोनशे बारा पानं! सौदा मंगळवारवरून गुरुवारवर. तो दीड दिवस ओठ हलवत वाचत बसला आणि मी समोर बसून माझा परतीचा प्रवास आखला. गोष्टीतल्यासारखी त्याला शेवटी मोठी लबाडी सापडेल अशी मला फार आशा होती. काहीच सापडलं नाही. त्याने सही केली, पेन खिशात ठेवलं आणि एवढंच म्हणाला:

"आता मला माहीत आहे, मी काय विकलं."

मामा, मला रडू आलं. (तळ्याकाठच्या माणसालाही आलं असावं, पण कारण वेगळं.)

असो. सगळं सुरळीत पार पडलं. माझी काही मागणी नाही, सहज कळवावं म्हणून लिहिलं. मामींना सांगा, तिखट मिळालं.

तुमचा आज्ञाधारक,
अनुप

ता. क. — एक बारीक काम आहे. मला ठेवायचं की नाही हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फर्मची कमिटी ठरवणार. नाही म्हणाले तर व्हिसा संपतो आणि मी जानेवारीत तुमच्या ऑफिसात. मिसेस कॅलाहनचं म्हणणं, ही रेघेची पद्धत खरीच आहे की मी ऐनवेळी रचली, हे माझ्या जुन्या सीनियरने लेखी कळवावं. पण मामा, राग मानू नका, तुमच्या इंग्रजीत पहिला पूर्णविराम दुसऱ्या पानावर येतो. तेव्हा तुमच्या कोऱ्या लेटरहेडवर तळाशी फक्त सही करून पाठवा. वरचा मजकूर मी इथे टाइप करून घेईन. कृपा करून त्यावर रेघ मारू नका.

ता. क. २ — पाकीट चिकटवण्याआधी वरचं पुन्हा वाचलं. मी काय मागितलं ते मला आत्ता कळलं. नोकरी वाचवायला मी तुमच्याकडे तोच कागद मागतोय, ज्याने आजोबांची नोकरी गेली. वरचा ता. क. रद्द समजावा. मजकूर तुम्हीच लिहा, तुमच्याच इंग्रजीत, लागतील तेवढी पानं, आणि सहीच्या आजूबाजूला तसूभर जागा उरली तरी रेघ मारा. कमिटीला ती रेघच दाखवीन. मग काय व्हायचं ते होवो.

ता. क. ३ — माझी सही असलेल्या या पानाच्या तळाशी चार बोटं जागा उरली आहे. तिथे मीही रेघ मारली आहे, दोन्ही टोकांना आद्याक्षरांसकट. तुमच्यावर अविश्वास नाही, पण पत्र मामींच्या हाती पडलं तर तिथे भंडाऱ्याला होकार उगवायचा.