याचिका मागे, परिच्छेद सात तसाच

शनि. ८ नोव्हें., खोबर, सौदी

जे झालं ते क्रमाने. मत नंतर.

१. अंधांना वाचता येतील अशा प्रतींबद्दल देशोदेशींचा कॉपीराइट करार आहे. सरकारने त्यावर सही केली. पण घरच्या माणसाने परदेशात केलेली प्रत देशातल्या दुसऱ्या अंध वाचकाला देता यावी, हा भाग नियमांत उतरवलाच नाही.

२. म्हणून सरकारविरुद्ध याचिका. अकरा अंध अर्जदार, पहिलं नाव माझ्या ताईचं. बाकी दहा जणांनी तिलाच अधिकारपत्र दिलेलं, म्हणजे चालवायचं की मागे घ्यायचं हे तिच्या हातात. सरकारबरोबर प्रकाशकही प्रतिवादी.

३. माझं शपथपत्र, परिच्छेद ७: मी सौदीत राहून एकोणचाळीस पुस्तकं विनापरवानगी स्कॅन केली, आकृत्यांची वर्णनं लिहिली, फायली अकराही जणांना दिल्या. वकील म्हणाले, प्रत्यक्ष उदाहरण हवं. ताई म्हणाली, "तू एकटी नाहीस, आम्ही अकरा जण पुढे आहोत." मसुदा याचिकेला जोडला. सही-शिक्क्याची प्रत मागाहून द्यायची.

४. काल, शुक्रवार. एम्बसीची माणसं दम्मामला आली होती. रांगेत दोन तास पन्नास मिनिटं. सही, शिक्का. ताईला कळवलं. तिचा व्हॉइस मेसेज: "छान झालं गं. दमली असशील."

५. आज कुरियरचा पत्ता विचारायला वकिलांच्या ऑफिसात फोन. कारकून: "कशाला पाठवताय, मॅडम? मॅटर बुधवारीच विथड्रॉ केलं ना तुमच्या ताईंनी."

बुधवार आधी येतो, शुक्रवार नंतर.

रवि. ९

दिवसभर अबकैक, तेलाच्या प्लांटवर. दाब मोजणाऱ्या एका ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन तीनदा केलं. पहिल्यांदाच बरोबर होतं.

जानेवारीत इकामा, इथला राहण्याचा परवाना, संपतो. नूतनीकरणाचा कंपनीचा फॉर्म विचारतो, कुठल्याही देशात तुमच्याविरुद्ध तक्रार किंवा प्रकरण आहे का. याचिका चालू असती तर मी साक्षीदार होते. आता नुसती कबुली उरली, आणि मसुद्याची प्रत प्रकाशकांच्या वकिलांकडे आहे. ते काही करतील असं नाही. करू शकतात.

ताईला दोन फोन. उचलले नाहीत.

सोम. १०

तिचाच फोन आला. एकोणीस मिनिटं. आठवतं तेवढं:

"प्रकाशकांनी माझ्या परीक्षेच्या सहा पुस्तकांच्या फायली दिल्या गं. वाचता येणाऱ्या. सद्भावना म्हणून."

बाकीच्या दहा जणांना?

"त्यांचं पुढे बघू म्हणालेत."

लेखी?

"तू ना, बोलतेस की तपासणी करतेस? वयोमर्यादेत माझी ही शेवटची परीक्षा आहे. सहा वर्षं वाट बघितली."

मग मला बुधवारी का नाही सांगितलं?

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मला नाही ऐकायचं नव्हतं."

परिच्छेद सातचं काय, विचारलं. "कोण वाचतंय आता ते. आणि तुला काय, तुला दिसतं."

हे वाक्य ती आठवीत असताना म्हणायची.

मंगळ. ११

रुखसानाआपांनी जेवायला बसवलं. शेजारचा फ्लॅट, मूळच्या रत्नागिरीच्या, इथे बावीस वर्षं. सगळं सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं.

"सख्खी बहीण ना गो? माझ्या सख्ख्या भावान आंब्याची कलमं आपल्या नावावर करून घेतलीन. ईदला येतो, शीरखुर्मा मागतो. वाढते मी."

बोलता त्याच्याशी?

"बोलत नाय. वाढते." मग माझ्या ताटाकडे बघून, "तू ते दोन्ही करू नकोस. विचार तिला सरळ. खलास."

गुरु. १३

ताईचा मेसेज, काहीच झालं नाही अशा आवाजात: "सहातली एक फाईल उघडत नाहीये, बघ ना जरा." बरोबर फाईल. तिची बिघडलेली फाईल दुरुस्त करायची सवय इतकी आहे की उघडून बसले तेव्हा रागावलेय हे लक्षातही नव्हतं.

अर्थशास्त्राचं पुस्तक. पाठाचा मजकूर प्रकाशकांचा, स्वच्छ, माझ्या स्कॅनमध्ये होत्या तशा चुका नाहीत. आकृती ४: 'मागणीची रेषा डावीकडे वरून निघते, आडव्या अक्षाच्या ४० टक्क्यांवर पुरवठ्याच्या रेषेला छेदते.'

अर्थशास्त्रातलं कोणी आलेखाचे टक्के सांगत नाही. मी सांगते. प्लांटवर माझ्याकडे प्रत्येक मोजमाप शून्य ते शंभर टक्क्यांत येतं. पुढच्या सगळ्या आकृत्या पडताळल्या. सत्तावीसपैकी सत्तावीस माझ्या. शब्द न् शब्द. पहिल्या पानावर: सर्व हक्क प्रकाशकाधीन.

म्हणजे देवाणघेवाण होती. ताईने याचिका दिली आणि माझी वर्णनंही दिली. ज्यांची पुस्तकं मी विनापरवानगी घेतली, त्यांनी माझं तसंच घेतलं. हिशेब समान म्हणता आला असता. पण मी लपवलं नव्हतं, आणि माझं नाव परिच्छेद सातमध्ये आहे, या फाईलमध्ये कुठेच नाही.

फाईल दुरुस्त करून पाठवली. मजकुराच्या मांडणीची एक खूण, टॅग, तुटली होती.

शुक्र. १४

सुट्टी. मेल पाठवला. तक्ता टाकला नाही, तिच्या स्क्रीनरीडरला, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, तक्त्याच्या ओळी नीट वाचता येत नाहीत. नक्कल:

ताई,
परीक्षेसाठी तू फायली घेतल्यास, त्याबद्दल मी काही विचारत नाही. तीनच गोष्टी विचारते.
पहिली, माझ्या शपथपत्राचा मसुदा रेकॉर्डवरून काढून घ्यायचा अर्ज वकील करणार आहेत का. नसतील तर माझ्यासाठी करायला सांगशील का.
दुसरी, माझी वर्णनं प्रकाशकांना तू दिलीस का, आणि कोणत्या तारखेला.
तिसरी, बाकीच्या दहा जणांना याचिका मागे घेतल्याचं तू सांगितलं आहेस का. नसेल तर मी सांगणार आहे. तू आधी सांगावंस असं मला वाटतं.
फोन नको. शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी सहापर्यंत, तुझ्याकडच्या वेळेने, लेखी उत्तर दे.