बस ड्रायव्हरची दीक्षा

प्रिय अर्गिरो,

फोनवर तू रडायला लागलीस की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून देतो. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर वेडंवाकडं येईल. बसलो तरी दमतो, झोपलो तरी दमतो. दमणं हीच आता माझी नोकरी झालीय. शेजारची वायो आजी रोज त्रहानाची, आंबट दूध-गव्हाची पातळ पेज आणून देते आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोरून हलत नाही.

पाद्री व्हायला बिशपनं मला भुलवलं असं तुला वाटतं. तसं नाही गं. फेब्रुवारीत आजीचा नवरा झिसिस गेला तेव्हा बर्फानं रस्ता बंद होता. आपल्या गावाला चार वर्षं पाद्री नाही, आणि यानिनाहून कुणी येऊ शकेना. तिसऱ्या दिवशी आजी माझ्या दारात आली. म्हणाली, "स्तेरिओ, तीस वर्षं तूच याला बसनं नेलंस-आणलंस. आता शेवटचंही तूच पोचव." मी पुस्तक घेऊन गेलो. फक्त स्तोत्रं वाचायची होती, ती कुणीही वाचू शकतं. पण कबरीपाशी मातीची मूठ हातात घेतली आणि भरात पुढचंही म्हणून गेलो. क्रूस काढून आशीर्वादसुद्धा दिला, जो दीक्षा घेतलेल्यानंच द्यायचा असतो. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, घरी येऊन बूट काढताना.

रस्ता मोकळा झाल्यावर मी आपणहून बिशपकडे गेलो आणि कबूल केलं. त्यांनी झापलंच. "ड्रायव्हर असून बिनपरवान्याची गाडी चालवलीस?" मग म्हणाले, "विधुर आहेस, वाचता येतं, गाव तुला ओळखतं. परवानाच का घेत नाहीस?" मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तुझी आई गेल्यापासून मी कुठेही असलो तरी वाटायचं, आपण भलत्याच जागी आहोत. झिसिसच्या कबरीपाशी तसं वाटलं नव्हतं. बोलावणं म्हणतात ते बहुतेक एवढंच असावं. गावात बातमी फुटली तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे आता तुला दुसरं लग्न करता यायचं नाही. आणि मी मेली उगाच आशेवर!" एक्याऐंशी वर्षांची आहे ती.

मग मे महिन्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. उन्हाळाभर तुझ्याकडे थेस्सालोनिकीला राहिलो. ड्यूटीवरून येऊन तू माझ्या उलट्या काढल्यास, आणि मी ओशाळून चिडचिड करायचो. त्याची माफी मागायची राहून गेली होती, ती आज मागतो. दुखणं उलटल्यावर तू किती जणांच्या हातापाया पडून सोमवारचा बेड मिळवलास, तेही मला ठाऊक आहे. आधी उपचार, मग दीक्षा, असं तू म्हणतेस. पण जंतू लागू नयेत म्हणून तीन महिने काचेमागे ठेवायचं म्हणतात, आणि त्यातून मी बाहेर येईन याची खात्री तुझे डॉक्टरही देत नाहीत.

त्या दिवशी तू ओरडलीस, "बाबा, सगळ्यांना प्रसादाची रोटी-वाइन चमच्यानं देऊन झाली की पेल्यात उरलेलं पाद्र्यालाच संपवावं लागतं ना? अख्ख्या गावाच्या तोंडात फिरलेला चमचा! तुमच्या अंगात साध्या सर्दीशी लढायची ताकद नाही!" खरंय. आजीला बारमाही खोकला आहे. त्या पेल्यानं कुणी आजारी पडत नाही, असं इथले सगळे म्हणतात. तू नर्स आहेस, तुला मी ते ऐकवणार नाही. मला भीती वाटते, अर्गिरो. पण गावाचं उष्टं टाळणारा पाद्री व्हायचं असेल, तर मी पाद्री न झालेलाच बरा.

तेव्हा सोमवारी मी येत नाही. तो बेड कुणा तरुणाला मिळू दे. मात्र एवढंच कळवायचं असतं तर फोनवरही कळवलं असतं. दीक्षा रविवारी, इथल्याच चर्चमध्ये आहे. बिशप पाद्र्याचं एकेक वस्त्र उचलून दाखवतात आणि म्हणतात, "लायक आहे!" मग जमलेल्यांनी तेच मोठ्यानं म्हणायचं. ज्याला मान्य नसेल त्यानं "नालायक" म्हणून ओरडावं, तो हक्क प्रत्येकाला आहे. गावची एकोणीस माणसं माझ्या बाजूनं ओरडतील. पण मला मरताना बघणार आहेस ती तू, ते नाहीत. म्हणून तू ये. तुला "नालायक" म्हणायचं असेल तर तिथे, सगळ्यांसमोर म्हण. मी वस्त्र उतरवून ठेवीन आणि सोमवारी तुझ्याबरोबर गाडीत बसेन. शपथेवर सांगतो, रागावणार नाही.

जसा आहे तसा, तुझाच
बाबा