ही गाय कोणाची हाय?

गुरुजी, मागच्या आठवड्यात दोन तरुण शिक्षिका माझ्या बुलढाण्याच्या घरी आल्या होत्या. दोघी चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवतात. म्हणाल्या, "बाई, लहान मुलांना लिहायला काय काय द्यावं, याची एक यादी करून द्या. आम्ही विषय दिला की मुलं मोबाइलवरून उतरवून आणतात." मी लगेच हो म्हटलं. हे काम मला येतं. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली आणि मुलांना लिहितं करणं मला चांगलं जमलं, हे सांगायला आता मी लाजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसले आणि तासाभरात सतरा विषय लिहून काढले. मग वाचून पाहिले, तर त्यातले अकरा तुमचे होते. यादी बाजूला ठेवली आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन पन्नासावर वर्षं झाली, तरी वापरण्याआधी तुम्हाला सांगावं असं वाटलं.

मेहकरहून बैलगाडीनं दोन तास आत आपलं गाव. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. शाळा म्हणजे एक लांब खोली आणि पुढे ओसरी, चारही वर्ग तुमच्या एकट्याकडे. तुम्ही पिंपळगाव राजाकडचे. घरची माणसं तिकडेच, इथे देवळामागच्या खोलीत तुम्ही एकटे राहायचात. मधल्या सुट्टीत ओसरीतच भाकरीवर कांदा फोडून जेवायचात आणि जेवताना आम्हाला गावातल्या बातम्या विचारायचात. मी चौथीत होते. त्या दिवशी तुम्ही आम्हाला 'गाय' हा निबंध दिला होता. आम्ही चौदा जण. सगळ्यांनी तोच लिहिला, जो आमच्या थोरल्या भावंडांनीही लिहिला होता. तुम्ही वह्या एकावर एक रचल्या, सगळ्यात वरची उघडली आणि विचारलंत, "ही गाय कोणाची हाय?"

तुम्ही दुसरी, तिसरी वही उघडलीत.

"चवदा वह्या, चवदा गाई. साऱ्याइले चार पाय, साऱ्याइले दोन शिंगं. मंग हे गाय हाय कोणाच्या घरची?"

मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "पुस्तकातली हाय, गुरुजी."

"हाव. तं तिले पुस्तकातच राहू द्या. आता घरी गेले का आपल्या गोठ्यात उभे राहा. दुसऱ्या कोणाच्या गाईत नाई असं आपल्या गाईत काय हाय, तेवढंच पाहून लिहा."

"मह्या घरी गाय नाई," एक मुलगी म्हणाली.

"शेजाऱ्याची बकरी पाह्य. बकरी नसन तं कोंबडीबी चालते."

दुसऱ्या दिवशी वर्गात चौदा वेगवेगळी जनावरं आली. एकाची गाय फक्त आजीच्या लुगड्याचा पदर चावायची. एकीची कोंबडी रोज शेजारच्या पाटीलबुवांच्या खाटेवर जाऊन बसायची आणि त्यांना उठवूनच खाली उतरायची. तुम्ही वाचता वाचता हसत होतात. तुमच्या लाल पेन्सिलीची मला तोवर फार भीती वाटायची. त्या दिवशी कळलं की ती चुकीसाठी नव्हतीच, तुम्हाला आवडलेल्या ओळीखाली तुम्ही लाल रेघ मारत होतात. चुकलेले शब्द तुम्ही फळ्यावर लिहिलेत, कुणाचे ते न सांगता.

त्यानंतर आठवड्यातून एकदा असा दिवस येऊ लागला. तुम्ही धान्याच्या पिशवीत एखादी वस्तू टाकून आणायचात आणि आम्ही न बघता आत हात घालून हाताला काय लागलं ते लिहायचं, वस्तूचं नाव मात्र लिहायचं नाही. कधी डोळे मिटून ओसरीत बसायचं आणि ऐकू आलेले पाच आवाज लिहायचे. रस्त्यानं एखादा अनोळखी माणूस गेला की तो कुठून आला, कुठे निघाला आणि त्याच्या गाठोड्यात काय आहे, ही गोष्ट आपण जुळवायची. घरात नुकतंच ऐकलेलं एक वाक्य आणायचं आणि त्याच्या आधी काय झालं असेल ते लिहायचं. 'सुंदर' शब्द कुणी लिहिला की तुम्ही विचारायचात, "म्हंजे कसं?" मग तो बिचारा उत्तर शोधायला पुन्हा वही उघडायचा. मी पुढे शेकडो मुलांना हेच विचारलं. याहून सोपं आणि याहून उपयोगी काही मला आजवर सापडलेलं नाही.

एकदा तुम्ही 'आमच्या घरची सकाळ' हा विषय दिलात. मी वर्गातली हुशार मुलगी आणि मला लाल रेघांची हाव सुटली होती. माझा थोरला भाऊ मेहकरला हायस्कुलात होता, त्याच्याकडे निबंधांचं एक पुस्तक होतं. त्यातून मी पूर्वेची लाली, पाखरांची किलबिल आणि दवबिंदूंचे मोती उचलून आणले. तुम्ही वाचलंत आणि वही मिटून माझ्या हातात दिलीत.

"तुह्या घरी सकाळी पह्यले कोण बोलते?"

"माय."

"कोणासंगं?"

तुम्ही थांबलात. तुमच्याइतकं थांबता येणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. शेवटी मी म्हटलं, "म्हशीसंगं."

"मंग हे मोती कोणाचे आणले तू? ज्याचे हाय त्याले वापस दे. आन् म्हशीचं लिहून आण."

सगळ्यांसमोर ते बोलणं मला लागलं. पण घरी आल्यावर लिहिलं, कारण लिहिण्यासारखं खरंच होतं. आदल्या वर्षी माझी धाकटी बहीण तापानं गेली होती. वडील तिला गाडीत घालून मेहकरच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि शेतात ज्वारीची सोंगणी चालू होती म्हणून आई घरी राहिली. वडील परत आले ते एकटेच. तेव्हापासून आई घरात जेवढ्यास तेवढं बोलायची. वाढू का, झालं का, एवढंच. पण पहाटे धार काढायला गेली की तिचा आवाज गोठ्यातून ऐकू यायचा. मी अंथरुणात पडून ऐकायचे. मी लिहिलं ते मला अजून पाठ आहे: "माही माय घरात बोलत नाई. म्हशीसंगं बोलते. ती म्हशीले इचारते, मी संगं गेली असती तं पोरगी राह्यली असती का वं. म्हैस काई नाई म्हणत. मंग माय धार काढते."

तुम्ही ते उभ्यानं वाचलंत आणि खाली बसलात. लाल रेघ मारली नाहीत. म्हणालात, "याच्या खाली काय रेघ मारू, पोरी." मग वही परत दिलीत आणि पुस्तकातला धडा काढायला सांगितलात.

पुढच्याच आठवड्यात शाळा तपासायला साहेब आले. त्यांच्याबरोबर गावातली चार प्रतिष्ठित माणसं होती, त्यांत माझे चुलते. साहेबांनी वरची वही उचलली ती नेमकी माझी. त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. "ही काय भाषा आहे? बोलत नाई, इचारते. चौथीच्या मुलीला मराठी येत नाही?" मग त्यांनी पुढचं मनात वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तू लिहिलंस?"

माझे चुलते माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "गुरुजींनी सांगितलं तसं लिहिलं."

"म्हणजे यांनी मजकूर सांगितला?"

"हो."

मी नऊ वर्षांची होते आणि घाबरले होते, हे खरं. पण ते खोटं आहे हे मला बोलताना पक्कं ठाऊक होतं. तुम्ही टोपी सरळ केलीत आणि म्हणालात, "लेकराची काई चूक नाई साहेब. विषय माह्याच होता." एवढंच. साहेबांनी शेरेबुकात तिथेच लिहिलं, की शिक्षक मुलांकडून अशुद्ध भाषेत अनुचित मजकूर लिहवून घेतात. तुम्ही खाली सही केलीत. मला वाटलं होतं, ते गेल्यावर तुम्ही मला उभं कराल. तुम्ही पहिलीच्या मुलांना पाढे म्हणायला लावलेत.

चुलत्यांकडून गोष्ट घरी पोचली. वडील कोपऱ्यातलं पागोटं उचलून शेताकडे गेले. मी चुलीपुढे आईजवळ जाऊन बसले, मार खायच्या तयारीनं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "काय लिहिलं तू, वाचून दाखव."

तिला अक्षरओळख नव्हती. मी वही आणली आणि वाचलं. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो, पण मधे भाकरी जळल्याचा वास आला आणि ती हलली नाही. मग म्हणाली, "चुकलं तुहं."

"काय चुकलं?"

"म्हैस काईच नाई म्हणत असं नाई हाय. ती मान फिरवून मह्याकडे पाह्यते. ते लिही." आणि थोड्या वेळानं, "आन् मी घरी सोंगणीसाठी नाई राह्यली. मले कोणी चाल म्हटलंच नाई. तेबी लिही."

मी चुलीच्या उजेडात लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. बहिणीच्या पायाला काटा लागला होता तो दिवस, तिला आवडणारं गुळाचं पाणी, गाडी निघाली तेव्हा तिनं मागे केलेला हात. वडील परत आले तेव्हा आई बोलत होती. ते दारातच उभे राहिले. मग पागोटं काढून आमच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मीच म्हणायले पाह्यजे होतं. चाल म्हणून." त्या दिवशी आईनं त्यांना भाकर वाढली आणि समोर बसून राहिली. कितीतरी महिन्यांत असं झालं नव्हतं. घर एका दिवसात बदलत नाही, आमचंही बदललं नाही. पण आई घरात बोलू लागली ती तेव्हापासून.

हे सगळं तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं. सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी ते खोटं उघडं करावं लागलं असतं. उन्हाळ्यात तुमची बदली झाली, पार दुसऱ्या तालुक्यात. शेऱ्यामुळे झाली की होणारच होती, हे मला कधीच कळलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. जायच्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात. आईनं तुम्हाला चहा दिला. तुम्ही मला एक कोरी वही दिलीत आणि आईला म्हणालात, "हिले शाळेतून काढू नका, बाई." आई म्हणाली, "नाई काढत. मले वाचून कोण दाखवन?" तुम्ही दोघंही हसलात. मी तुमच्या पाया पडले. तेव्हाही बोलले नाही.

आता बोलते. मजकूर माझा होता, गुरुजी. शब्दन् शब्द माझा आणि नंतर आईचा.

त्या एका खोट्यानं मला एक गोष्ट मात्र शिकवली, आणि ती मी त्या दोघी शिक्षिकांच्या यादीत सगळ्यात वर लिहिली आहे. विषय देणं सोपं असतं. मूल खरं लिहून आणतं तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं. माझ्या वर्गात कोणत्याही मुलाची वही मी त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला वाचू दिली नाही, साहेब असो की सरपंच. दोनदा त्यावरून मला बोलणी बसली. मी शेऱ्याखाली सही केली. मुलं डाव्या पानावर घरच्या भाषेत लिहायची, नंतर आम्ही मिळून पुस्तकी मराठीत उतरवायचो, आणि दोन्ही पानं वहीत समोरासमोर राहायची. कुठलं चांगलं, हे मी मुलांना ठरवू द्यायचे. बहुतेक वेळा ती डाव्या पानावर बोट ठेवायची.

यादी आज पूर्ण झाली. अकरा विषयांपुढे 'माझ्या गुरुजींचे' असं लिहिलं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कपाटात ठेवीन.

एक राहिलं. मी अमरावतीला शिक्षिका व्हायचं शिक्षण घेत होते तेव्हा तुमचं कार्ड आलं होतं. कुणाकडून पत्ता मिळवलात कोण जाणे. कार्डावर एकच ओळ होती, "आता काय लिहून राह्यली?" वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीनं ती खांद्यावरून वाचली आणि त्या बोलीला हसली. म्हणाली, "हे तुझे गुरुजी?" मी कार्ड उशीखाली सारलं आणि उत्तर लिहिलं नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा तुम्ही गेल्याचं कळलं. आईनं विचारलं, त्यांना पत्र का नाही टाकलं. मी म्हटलं, पत्ता नव्हता. पुढे नवऱ्याला, मुलांना, सगळ्यांना मी हेच सांगत आले. पत्ता होता, गुरुजी. कार्डाच्या कोपऱ्यात तुम्ही तो स्वच्छ अक्षरात लिहिला होता.