औषधांची टंचाई नसताना

मी, परीवश सामिमी, कै. नादेर हेम्मती यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार यूसुफाबाद, तेहरान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. या घरी हल्ली येतेच कोण? मी धंद्याने दुभाषी. अठरा वर्षे परक्यांची वाक्ये 'मी, मी' करत बोलले. या कागदातला 'मी' मात्र माझा आहे, याची नोंद घ्यावी.

१. यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते, ते फाडले. त्यात नादेर माझ्यामागे राहील असे धरून चालले होते.

२. तिसऱ्या मजल्यावरचे हे घर. आमच्या कायद्याने मुलीला मुलाच्या निम्मे मिळते आणि माझी मर्जी चालते ती फक्त एक तृतीयांशावर. त्या तृतीयांशातून माझी मुलगी गुल्नार हिला इतके द्यावे की तिचा आणि तिचा भाऊ बहराम याचा वाटा सारखा होईल. टक्क्यांवरून मोठमोठी माणसे कशी भांडतात ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या मुलांनी भांडू नये. उरेल ते चौकातल्या औषधाच्या दुकानात ठेवावे, ज्याला गोळ्या मिळत नाहीत त्याच्या नावाने.

३. माझे सर्व शब्दकोश श्री. कियूमर्स आझरनूश यांना. हे गृहस्थ मूळचे शिराझचे, चाळीस वर्षे परदेशात, आणि वाटाघाटींच्या टेबलावर समोरच्या बाजूचे दुभाषी. आमच्या देशाने युरेनियम किती टक्क्यांपर्यंत समृद्ध करायचे, किती यंत्रांवर आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सहा राष्ट्रांशी ती बोलणी वर्षानुवर्षे चालली होती. पहिल्याच फेरीत समोरचे म्हणाले, आम्ही तुमच्या गरजांची दखल घेतो. मी फारसीत सांगितले, 'मान्य करतो.' आमच्या बाजूचे चेहरे उजळले. तोच आझरनूश तीस माणसांदेखत म्हणाले, "खानम, दखल घेणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. वरच्या मजल्यावरचे लोक पियानो बडवतात, त्याची मी रोज दखल घेतो."

सगळे हसले. त्यानंतर नऊ वर्षे मी त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलले नाही. ते बरोबर होते, असे मी त्या शब्दापाशी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. पान कुठले ते सांगणार नाही. शोधू देत.

४. कपाटातले व्हिएन्नाच्या केकचे पिवळे खोके गुल्नारला. आत काही नाही. ते का जपले ते तिला माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते.

बोलण्यांच्या नवव्या वर्षी हिवाळ्यात आम्ही व्हिएन्नात अकरा दिवस एका हॉटेलात बसलो होतो. नादेरला रक्ताचा कर्करोग होता. रोज एक गोळी घेतली की माणूस खालच्या बागेत पाणी घालायचा, शेजाऱ्यांशी वाद घालायचा. गोळी चुकली की संपले. अकराव्या दिवशी दुपारी गुल्नारचा फोन आला. "आई, सतरा दुकानं फिरले. गोळी कुठेच नाही. बँकेतून पैसे बाहेर जात नाहीत म्हणून माल येत नाही, म्हणतात. बाबांकडे चार दिवसांच्या उरल्यात."

फोन ठेवून मी वाटाघाटींच्या खोलीत गेले. समोरचे मुख्य म्हणाले, "औषधांवर आमचे कुठलेच निर्बंध नाहीत." मी ते फारसीत सांगितले. आमचे मुख्य डॉक्टर काशेफी ताठ बसून म्हणाले, "आमच्याकडे औषधांची टंचाई नाहीच." तेही मला इंग्रजीत सांगायचे होते. अकरा दिवसांत दोन्ही बाजूंचे एकमत झाले ते या एकाच मुद्द्यावर, आणि ते माझ्या तोंडून झाले. मधे मी चार सेकंद गप्प राहिले. दोन्ही शिष्टमंडळांनी ते डावपेच समजून टिपून घेतले, असे मागाहून कळले.

आझरनूशना मात्र कळले. बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारले, "घरी कोण आजारी आहे, खानम?"

नऊ वर्षांचा राग होता. तरी मी गोळीचे नाव सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फीत बांधलेले हे खोके घेऊन आले. "केक आहे. हलवू नका फार." त्यात नव्वद गोळ्या होत्या. पैसे देऊ केले तर म्हणाले, "पियानोवाल्यांना द्या."

तेहरानच्या विमानतळावर खोके उघडले गेले. चौकशीला बसलेल्या गृहस्थांनी विचारले, "समोरच्या बाजूच्या माणसाकडून घेतलंत. बदल्यात काय दिलंत?"

"आभार मानले."

"कुठल्या भाषेत?"

"फारसीत."

त्यांनी ते लिहून घेतले. गोळ्या परत दिल्या, नोकरी दिली नाही.

५. डॉक्टर काशेफी यांना काहीही देऊ नये. चौकशी समितीपुढे ते म्हणाले, देशात औषधांची टंचाई नसल्याने औषध आणणे हे कारण असू शकत नाही. म्हणून अहवालात लिहिले आहे: 'हेतू अस्पष्ट.' अंत्ययात्रेला ते आले तर चहा द्यावा. साखर मागितल्यास टंचाई आहे म्हणावे.

६. बैठकीतला टीव्ही शेजारच्या अख्तर खानमना. ज्या करारासाठी मी घसा कोरडा केला, त्याच्या सह्या मी यावर पाहिल्या. दुभाषी म्हणून एक कोवळी मुलगी बसली होती. नादेर टीव्हीवर ओरडत होता, "अगं, 'शक्यतो' गाळलंस! परी, तिनं 'शक्यतो' गाळलं!" तोवर नव्वदातल्या शेवटच्या काही गोळ्या उरल्या होत्या. सह्या झाल्या, दुकानांत औषध आले. करार तीन वर्षे टिकला, मग मोडला, आणि गोळ्या पुन्हा दिसेनाशा झाल्या. नादेर कराराहून अकरा महिने जास्त टिकला. एवढ्या सगळ्या राष्ट्रांनी सही केलेल्या कागदापेक्षा माझा नवरा चिवट निघाला, याचा मला अभिमान आहे.

७. बहरामला त्याचा वाटा कायद्याने मिळेलच. त्याने मला टाकले. तो समृद्धीकरणाच्या कारखान्यात इंजिनियर होता. माझ्या चौकशीनंतर त्याला यंत्रांजवळून उचलून कॅन्टीनच्या भांडारात तांदूळ मोजायला बसवले. सहा राष्ट्रांना वर्षानुवर्षे जे जमले नाही ते मी एका केकच्या खोक्याने केले: एक इंजिनियर यंत्रांपासून दूर केला. आठ वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. बापाला भेटायला येई तो मी भाजीला बाहेर पडले की. नादेरच्या शेजारी मला पुरावे, आणि ते बहरामने ठरवू नये, गुल्नारने ठरवावे.

८. येथवर लिहून साक्षीदारांची वाट पाहत असता बेल वाजली. अख्तर खानम असतील म्हणून दार उघडले, तर बहराम. काखेत गरम संगक रोटी. गुल्नारनेच कळवले असणार.

"अर्धा तास खाली उभा होतो," म्हणाला. "रोटी गार होईल म्हणून वर आलो."

टेबलावरचा कागद त्याने उभ्यानेच वाचला. शब्दकोशांपाशी हसला, नव्वद गोळ्यांपाशी बसला. सातव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "हे खरं नाही, आई. मी तुला टाकलं नाही. मी रागावलो."

"आठ वर्षं?"

"राग मोठा होता. रोज पोती मोजताना वाढायचा."

"मग काय लिहू?"

"'रागावला' लिही."

"'रागावला आहे' की 'रागावला होता'? कागद कायद्याचा आहे, नीट सांग."

मी चहा ठेवला. त्याने रोटी मोडली, पनीर लावून माझ्यापुढे सरकवली, स्वतःचा चहा संपवला, पेला पालथा घातला.

"'होता' लिही," म्हणाला.

सबब कलम ७ मधील 'त्याने मला टाकले' हे शब्द रद्द समजून तेथे 'तो रागावला होता' असे वाचावे. दफनाचे दोघा भावंडांनी मिळून ठरवावे. दुरुस्ती उभय पक्षांस मान्य.

साक्षीदार:
अख्तर बेहनाम, शेजारीण (सही)
हुशंग जलीलवंद, औषधविक्रेता (सही)

बहराम हेम्मती वारस असल्याने साक्षीदार नाही. हजर होता.

परीवश सामिमी (सही)
तेहरान, १७ आबान १४०२ (इराणी पंचांगाने)