ठिपक्याचा कप

ती. मावशीस,

लांबूनच नमस्कार. (माझा नमस्कार लांबून आलेलाच तुला बरा वाटतो, हे पाच वर्षांत माझ्या लक्षात आलं आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? ताईला सातवा महिना लागला, लेकीला फार जिने चढू देऊ नकोस. मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, खिडकी मोठी आहे, आणि फळीवर माझा कप एकटाच असल्यामुळे तो वेगळा ठेवण्याचे कष्ट कुणाला पडत नाहीत. ताईच्या बाळासाठी तुझ्याकडे एक विनंती आहे, पण ती शेवटी लिहीन. आधी लिहिली तर तू पत्राची घडी घालून ते गादीखाली ठेवशील, आणि गादीखाली गेलेलं पत्र आपल्या घरात पुन्हा कुणी उघडल्याचं मला आठवत नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, नोकरी सांभाळून मी दर शनिवारी दुपारी एका केंद्रात जाते. (केंद्र म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, अकरा खुर्च्या आणि एक विजेची किटली.) हिपॅटायटिस झालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना तिथे माहिती देतात, रक्ततपासणीची चिठ्ठी देतात, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या शेजारी बसतात. ते चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. आजाराचं नाव सरळ लिहिल्याबद्दल माफ कर. आपल्या घरी त्याला 'ते' म्हणतात. आई त्यातच गेली, तेव्हा तू बाहेर 'पोटाचं दुखणं' सांगितलंस. कॉलेजात मी रक्तदान केलं आणि रक्तपेढीकडून चिठ्ठी आली, तेव्हा 'मुलीच्या अंगात रक्तच कमी' असं सांगितलंस. या एका आजाराला तू दिलीस तेवढी नावं डॉक्टरांच्या पुस्तकातही नसतील.

पहिले तीन शनिवार कुणीच आलं नाही. पाटीच तशी होती: 'हिपॅटायटिसच्या रुग्णांनी वर यावे'. शिंप्याची गिऱ्हाइकं बघत असताना त्या पाटीखालून जिना चढायची हिंमत माझीही नव्हती. मी आधी मापं द्यायला आल्यासारखी दुकानात डोकवायची आणि मग जिन्याकडे सटकायची. चौथ्या शनिवारी सिस्टरांनी पाटी बदलली: 'आपल्या ओळखीत कुणाला असल्यास चौकशी करावी'. लगेच नऊ माणसं आली, आणि त्यातल्या आठांना काहीही झालेलं नव्हतं! एक ट्रक ड्रायव्हर मित्रासाठी आला होता. एक निवृत्त मास्तर शेजाऱ्यासाठी. एक नवरा-बायको 'एका नातेवाइकासाठी' आले होते, आणि नातेवाईक म्हणताना तो तिच्याकडे हात करत होता, ती त्याच्याकडे. एकट्या कँटीनवाल्या बाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला आहे. वीस वर्षं ऑफिसाला चहा पाजला, रिपोर्ट कळला त्या दुपारी घरी पाठवलं." त्यांच्या शेजारचे मास्तर उठले आणि वारा हवा म्हणून पंख्याखाली जाऊन बसले. (पंखा बंद होता.)

माहिती सांगायचं काम माझं होतं. तू मला लहानपणी पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावायचीस, तशी हात मागे बांधून उभी राहिले. सांगितलं, की मला आहे तो 'बी' प्रकार एका ताटात जेवल्याने, एका कपातून प्यायल्याने, मिठी मारल्याने होत नाही. तो रक्तातून होतो, दुसऱ्याची सुई किंवा वस्तरा वापरल्याने होतो, नवरा-बायकोच्या संबंधातून होतो (इथे मी, तू समोर असल्यासारखी, ओढणी सारखी केली) आणि जन्मताना आईकडून बाळाला होतो. मग खात्री पटावी म्हणून माझ्या कपातला अर्धा चहा मी प्यायले आणि उरलेला सिस्टर प्यायल्या. खोलीत हालचाल झाली. मास्तर पंख्याखालून परत आले. ड्रायव्हरने बाही वर केली आणि विचारलं, मित्राचं रक्त नक्की इथूनच काढतात ना? सिस्टरांनी चिठ्ठी लिहायला पेन उघडलं. मावशी, त्या क्षणी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी उठून सगळ्यांचे कप विसळायला घेतले.

तिथेच घात झाला. माझा कप म्हणजे तोच, घरून आणलेला. कानाजवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका असलेला, तू रक्तपेढीची चिठ्ठी आली त्याच संध्याकाळी दिलेला. आधी मी बाकीचे कप विसळून ट्रेमध्ये लावले. मग माझा घेतला. वेगळ्या साबणाने धुतला (साबणाची वडीही मी डबीतून नेते), वरून किटलीतलं कढत पाणी ओतलं आणि तो एकटा खिडकीच्या कोपऱ्यात पालथा घातला. हे सगळं माझ्या हातांनी केलं. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. वळले तर नऊच्या नऊ माणसं खिडकीकडे बघत होती.

कँटीनवाल्या बाई म्हणाल्या, "पोरी, मघाशी खरं बोलत होतीस, की आत्ता खरं करते आहेस?"

मी म्हटलं, घरची सवय आहे.

"घर कुणाचं?"

"मावशीचं."

"मावशी डॉक्टर आहे?"

"नाही. स्वच्छ आहे."

सगळे हसले. मीही हसले, पण ड्रायव्हर हसला नाही. त्याने बाही खाली केली, बटण लावलं, "मित्राला विचारून येतो" म्हणाला आणि जिना उतरला. त्याला आता तीन शनिवार झाले. माहितीची नऊ पानं मी न अडखळता म्हटली होती, पण त्याने खिडकीतल्या कपावर विश्वास ठेवला. त्याच्या मित्राला काही झालं तर ते माझ्या हातून झालं असं मी धरून चालले आहे. सिस्टर म्हणतात, असा विचार करू नकोस. पण तू वाढवलेल्या मुलीला दुसरं काही करता येत नाही.

दार लावताना सिस्टरांनी सहज विचारलं, तुला आईकडून आलं, मग आईला कुणाकडून? मी म्हटलं, बहुतेक आजीकडून. त्यांनी विचारलं, आणि आजीला मुली किती?

मी म्हटलं, दोन. आणि कुलूप माझ्या हातातच राहिलं.

असो. माझी तक्रार काहीच नाही. तू मला शिकवलंस, जेवू घातलंस, दुखण्याखुपण्यात दाराशी उभी राहिलीस. (दाराशीच.) काकांना नमस्कार, ताईला पुष्कळ प्रेम.

तुझी,
वेगळी ठेवलेली भाची

ता. क. – ताईचा फोन आला होता. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या तपासण्यांपैकी एकीवर तू काट मारलीस, "आमच्या घरात तसलं काही नाही" म्हणून, असं ती हसत सांगत होती. मावशी, ती काट खोड. ताईची तपासणी याच आठवड्यात करून घे. ताईला असेल तर बाळाला जन्मल्याबरोबर, पहिल्याच दिवशी, इंजेक्शनं द्यावी लागतात, आणि मग ते बहुतेक वाचतं. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगते आहे.

दु. ता. क. – तुझीही तपासणी करून घे. तू आजीची दुसरी मुलगी आहेस, आणि तू नेहमी घरातल्या सगळ्यांच्या कपांतूनच चहा प्यायलीस. त्याने कुणाला काहीही झालेलं नाही, हे मी तुला लेखी देते.

ति. ता. क. – तक्रार नाही असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. पत्र पुन्हा लिहायला कागद नाही, म्हणून तसंच ठेवते. आणखी एक कबुली: ताईची लाल नेलपॉलिशची बाटली घरात सापडत नसेल, ती येताना मी उचलून आणली. चोरीच ती. बाळंतपण झाल्यावर ताईला नवी घेऊन देईन. तोवर तुम्हा दोघींचे रिपोर्ट काहीही आले तरी घरात ती नसलेली बरी.