जुना गेम, नवा अवतार आणि माझा निर्णय

५ मार्च, सकाळी ८.१०
लहानपणीचा आमचा कॉम्प्युटरवरचा राज्यांचा गेम नव्याने आलाय. म्हणजे अर्धा आलाय. दहा राज्यांपैकी चारच तयार. बाकीची करतोय, तोवर हे घ्या, असं कंपनीचं म्हणणं.
ताईचा फोन. जिन्यावरून पडली, पाय प्लॅस्टरमध्ये, शाळेत शिकवणं बंद, सहा आठवडे घरी. गेम घेऊनही टाकलाय. म्हणाली, ठोंब्या, तूही घे, रोज संध्याकाळी तासभर खेळू. मी म्हणालो, विचार करतो.
पंपाच्या कारखान्यात एकवीस वर्षं तपासनीस आहे मी. तपासल्याशिवाय शिक्का मारत नाही. रविवारपर्यंत निर्णय. पक्का.

९ मार्च, रविवार
निर्णय झाला नाही, पण पाया घातला गेला. वहीत दोन रकाने: गुण आणि दोष. लोकांचे एकशे चाळीस अभिप्राय वाचले. एकाने गेम तीनशे तास खेळून 'घेऊ नका' लिहिलंय. माणूस अभ्यासू वाटला.
हिने विचारलं, महाग आहे का? म्हटलं, प्रश्न किमतीचा नाही. मग कशाचा? म्हटलं, तत्त्वाचा. ही भाजी निवडत राहिली.

१२ मार्च, जेवणाची सुट्टी
पॅकिंगवाल्याचं मत घेतलं. म्हणाला, घ्या की साहेब, त्यात काय एवढं! न बघता खोकी बंद करणारा माणूस. त्याचं मत धरलं नाही.

१७ मार्च, दुपारी
ताईचा फोन. तिचे घोडे पाण्यात उभे राहतात आणि शिपाई भिंतीतून आरपार जातात म्हणे. सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. मी वही उघडून नोंद केली. घोडे: दोष एक. भिंत: दोष दोन.
म्हणाली, पूर्वी एकाची चाल चालू असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं, आठवतं? आठवतं. मी बोटांच्या फटीतून बघायचो. ते तिला माहीत होतं, हे आज कळलं.
कधी येतोयस खेळायला, म्हणाली. म्हटलं, पुढचा अपडेट येऊ दे. मग म्हणाली, स्वयंपाकाच्या बाई अकराला जातात, त्यानंतर घरात फक्त फ्रिजचा आवाज असतो रे. मी तिला अपडेटचं वेळापत्रक वाचून दाखवलं. बरं, म्हणाली.

२३ मार्च, रविवार
अपडेट आला. घोडे पाण्याबाहेर. पण आता जहाजं हलत नाहीत. थांबलो ते बरंच केलं.
ही दोन दिवस ताईकडे राहून आली. मला जमलं नाही, तुलनेचा तक्ता अर्ध्यात होता. आल्यावर म्हणाली, त्यांनी नकाशात तुझं राज्य राखून ठेवलंय. पिवळं. कॉम्प्युटरला देत नाहीत. म्हणतात, तो येईल.
ऐकून काही वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना. गुणांत 'रंग चांगले' असं लिहिलं.

२ एप्रिल
आठवडाभर ताईचा फोन नाही. अभ्यासाला शांतता मिळाली. फारसा अभ्यास झाला नाही. खुर्चीत बसून होतो.
कारखान्यात एक पंप दोनदा तपासला. दोन्ही वेळा बरा होता.

८ एप्रिल, संध्याकाळी
हिने सरळ विचारलं, तुला तो गेम हवाय का नकोय? म्हटलं, एवढं सोपं नसतं ते. ही म्हणाली, त्यांनाही गेम नकोच आहे रे. मग काय हवंय, असं मी विचारलं. हिने कपडे घडी करायला घेतले. मीही चार टॉवेल घडी केले.

१५ एप्रिल
ताईचं प्लॅस्टर निघालं. हिनेच कळवलं. म्हणजे सहा आठवडे झाले. हिशेबात मी ते आठ धरले होते, का कोण जाणे.
वही भरली. गुण एकोणीस, दोष एकोणीस.

१८ एप्रिल, संध्याकाळी
घेतला. एकदाचा. अमुक एका कारणाने असं नाही, सकाळी दात घासता घासता घेतला. डाउनलोडला चार तास लागले. ताईला लगेच कळवलं नाही. अशी गोष्ट समोरासमोर सांगावी. उद्या जाणार.

१९ एप्रिल, शनिवार, दुपारी
ताईकडे जाऊन आलो. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात काठी, खांद्याला पर्स. तिची शाळा पुन्हा सुरू झालीय, नववीचे पेपर तपासायचेत. आधी फोन करायचास रे, म्हणाली. कोपऱ्यावर रिक्षा मिळते, तिथवर सोबत चल.
तिच्या चालीने चाललो. खूप हळू. पायरीशी हात पुढे केला, तिने धरला. बारीक झालीय. माझ्या कामाचं विचारलं, ठीक म्हटलं. तिच्या पायाचं विचारलं, ठीक म्हणाली.
कोपऱ्यावर उभे राहिलो. आता सांगावं म्हणून घसा साफ केला. म्हणालो, ताई, माझा निर्णय झाला.
ती रिक्षा येतेय का ते बघत होती. म्हणाली, कसला रे?
सांगितलं.
"अगंबाई, तो होय," म्हणाली. "मी काढून टाकला रे तो. कॉम्प्युटरवर पेपरच्या मार्कांना जागा हवी होती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तू खेळ हं. छान आहे."
रिक्षा आली. काठी मी आत ठेवून दिली.